तिला बसवलं कोणी?

«ताई, माझी मुलगी नववीत आहे. आमचं गाव अमळनेर तालुक्यात. सातवीपर्यंत ती शाळेच्या खो-खो संघात होती, घरात पाय टिकत नव्हता. आता शाळेतून आली की मोबाइल घेऊन खोलीत बसते. वजन वाढलंय, जिना चढला तरी दम लागतो. तिचे बाबा चिडवतात. सासूबाई म्हणतात, अशीच राहिली तर उद्या कोण करून घेईल? मागच्या आठवड्यात मी तिला ओढून ग्राउंडवर नेलं, तिथली पोरं हसली, आणि दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाळी आल्यापासून सगळंच बदललं. तिला व्यायामाची गोडी कशी लावू?»
– एक आई

ताई, पत्राच्या शेवटी, जाता जाता तुम्ही लिहिलंय की पाळी आल्यापासून सगळं बदललं. मला वाटतं, खरी गोष्ट तिथेच आहे. तेव्हा घरात काय बोललं गेलं ते आठवून पाहा. आपल्याकडे घरोघरी आजीचं एक वाक्य ठरलेलं असतं, «पोर मोठी व्हयी गयी, आते खेयनं बंद.» मीही ते ऐकलं आहे आणि माझी लंगडी त्या दिवशी सुटली ती कायमची. पण आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, आली की माहेरी आलेल्या, लेकुरवाळ्या बाया निंबाला बांधलेल्या झोक्यावर उभ्या राहून झोका चढवायच्या, गाणी म्हणायच्या. त्यांना कोणी «मोठी झालीस, उतर» म्हणत नव्हतं. मोठ्या बाईनं खेळणं आपल्या रिवाजात बसतं, हे सासूबाईंना त्यांच्याच आखाज्या आठवायला लावून सांगा.

तुमची मुलगी आळशी असती तर सातवीपर्यंत धावली नसती. तिला आधी उठवलं गेलं मैदानावरून, आणि मग बसली म्हणून बोल लावले गेले. यात ती एकटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये १४६ देशांतल्या शाळकरी मुलांची आकडेवारी मांडली. ११ ते १७ वयाच्या मुलींपैकी ८५ टक्के मुलींची पुरेशी हालचाल होत नव्हती. मुलग्यांमध्ये हा आकडा ७८ होता. या वयात रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल हवी. हाडं भरण्याचं बहुतेक काम अठराव्या वर्षापर्यंत उरकतं, म्हणून आत्ताची धावाधाव तिला पन्नाशीतही कामाला येणार आहे.

पण तासभर ही गोष्ट पुढची. आधी घरातली भाषा बदला. वजन, जाडी, लग्न हे तीन शब्द तिच्या व्यायामाच्या आसपासही नकोत. ज्या मुलीला शरीरावरून बोललं जातं, ती ते शरीर चार लोकांत न्यायला घाबरते, पळवायला तर अजूनच. तिच्या बाबांना हे तुम्हीच सांगा, आणि तिच्यासमोर नको. आणि तुम्ही स्वतः तिची एकदा माफी मागा. «त्या दिवशी तुला ओढत नेलं, ते चुकलं माझं.» एवढंच. पाठोपाठ «पण तुझ्या भल्यासाठीच» असं जोडू नका.

आता दम लागण्याबद्दल. याला आळस समजू नका, रक्त तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते, हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर डॉक्टर सांगतील तसे उपचार करा. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, तीही ती घेते का विचारा. मळमळतं म्हणून बऱ्याच मुली टाकून देतात. जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो, आणि लगेच वर चहा नको. पाळी अनियमित असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. तिचं जेवण मात्र तोडू नका. कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी, वर लिंबू, हे तिला पोटभर हवं.

पाळीच्या दिवसांत खेळू नये, याला वैद्यकशास्त्रात आधार नाही. उलट हलक्या हालचालीनं पोटदुखी कमी होते. ज्या दिवशी तिला नको वाटेल, त्या दिवशी नको. आणखी एक साधी गोष्ट, जी आया बोलत नाहीत. धावताना छाती हलते याची लाज हे मैदान सुटण्याचं मोठं कारण असतं. तालुक्याला जाऊन तिला मापाची, घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा घेऊन द्या, सैल टी-शर्ट आणि ट्रॅक पँट घ्या. दुकानात तुम्ही बोला, तिला बोलावं लागू नये.

हसणाऱ्या पोरांकडे दुर्लक्ष कर, असं तिला सांगू नका. ते तिचं काम नाही. मुख्याध्यापकांना भेटा, त्या पोरांच्या घरी जा, बाबांना पहिले पंधरा दिवस सोबत पाठवा. आणि तिला एकटीला पाठवू नका. संघातल्या जुन्या दोन मैत्रिणी शोधा, त्याही बहुधा अशाच घरात बसल्या असतील. गावात पोलीस भरतीसाठी पहाटे आठशे मीटर मारणाऱ्या मुली असतील, तर त्यांच्या मागून चालली तरी पुरे. सध्या थंडी आहे, सुरुवातीला हेच दिवस चांगले. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात सूर्य वर यायच्या आत आटपावं लागतं.

सासूबाई म्हणतील, घरात झाडलोट कर, तोच व्यायाम. घरकामानं अंग दमतं हे खरं, पण त्यात मैत्रीण नाही आणि जिंकणंही नाही. तिची संध्याकाळची एक वेळ ठरवा. त्या वेळेत भांडी तिच्या नावावर नकोत, घरात भाऊ असेल तर त्यानं घासावीत. आजींना हेही सांगा की जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात टेबल टेनिस खेळून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत ढाली जिंकणारी प्रतिभाताई पाटील नावाची मुलगी २००७ मध्ये देशाची राष्ट्रपती झाली.

काय खेळायचं, कुठे, कोणासोबत, हे तिला ठरवू द्या. खो-खो नको म्हणाली, दोरीवरच्या उड्या किंवा बंद खोलीत नाच म्हणाली, तरी हो म्हणा. खो-खोत मोठ्या गटाला पाठलागासाठी नऊ मिनिटं असतात. पहिला महिना नऊच मिनिटं पुरेत, आणि किती झाले, किती राहिले, हे विचारू नका.

एका गोष्टीवर लक्ष ठेवा. जेवण टाळणं, झोप उडणं, सतत रडणं, जगून काय उपयोग असं बोलणं, यातलं काही दिसलं तर व्यायामाचा विषय बाजूला ठेवा आणि १४४१६ या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावर तुम्ही स्वतः फोन करा.

शनिवारी ती शाळेतून आली की अंगणात या. दोन काठ्या रोवा, पदर खोचा आणि तिला म्हणा, «खांबाजवळ वळायचं कसं ते मला दाखव गं, मला जमत नाही.» ती पहिल्यांदा नाही म्हणेल. काठ्या काढू नका.