बायबल देवानं लिहिलं, मग त्यावर लूकचं आणि पौलाचं नाव कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ख्रिस्ती लोक बायबलला देवाचं वचन म्हणतात, पण आतल्या पुस्तकांवर माणसांची नावं असतात, मग ते वेदांसारखं अपौरुषेय मानायचं का?

माझ्या मते नाही. वेदांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांच्या लेखी अपौरुषेय म्हणजे ज्याला कर्ताच नाही, ईश्वरसुद्धा नाही. ख्रिस्ती श्रद्धा सांगते की या ग्रंथाला कर्ते दोन, देवही आणि माणूसही. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या सभेनं, कॅथलिकांसाठी हे स्पष्टच लिहून ठेवलं: देव ग्रंथकर्ता आहे आणि ज्यांच्याकडून त्यानं लिहवून घेतलं ती माणसंही खरे लेखक आहेत. प्रोटेस्टंटांचा आधार मुख्यतः दोन वचनांवर. तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात (३:१६) शास्त्रलेख परमेश्वरप्रेरित म्हटलाय आणि पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (१:२१) माणसं पवित्र आत्म्याच्या प्रेरणेनं बोलली असं आहे. दोन्हीकडे डोळ्यांसमोर आहे तो मुख्यतः जुना करार, म्हणजे बायबलचा येशूच्या आधीचा भाग, हेही ध्यानात ठेवा; आपण पटकन विसरतो.

आता प्रत्यक्ष पानं उघडून बघा. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, सुरुवातीलाच थियफिल नावाच्या गृहस्थाला सांगतो की अनेकांनी हे वृत्त लिहायला घेतलंय, म्हणून मीही सगळ्याचा मुळापासून शोध घेऊन तुम्हाला क्रमानं लिहितोय. दर्शन झालं, आकाशवाणी झाली असं काही तो म्हणत नाही. चौकशी केली म्हणतो. पहिल्या पिढीतल्या प्रचारक पौलाची तर बातच और. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो ठासून सांगतो, क्रिस्प आणि गायस सोडून मी तुमच्यापैकी कोणाचाही बाप्तिस्मा केला नाही. मग आठवतं, अरे हो, स्तेफनच्या घरच्यांचाही केला. आणि त्यापुढे, आणखी कोणाचा केला असेल तर आठवत नाही बुवा! हे विसरणं ख्रिस्ती लोकांनी खोडलं नाही, तसंच शतकानुशतकं उतरवून घेतलं. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात तर पौलानं सांगितलेलं लिहून घेणारा तर्तिय मध्येच स्वतःचा सलाम घुसवतो.

मात्र सगळीकडे असंच आहे असंही नाही. जुन्या करारातले संदेष्टे, म्हणजे देवाचा निरोप सांगणारे, 'परमेश्वर असे म्हणतो' म्हणून बोलतात, आणि त्यांच्यापैकी यिर्मयाच्या पुस्तकाच्या ३६व्या अध्यायात लेखनाची अख्खी प्रक्रियाच दिसते. यिर्मया तोंडानं सांगतो, बारूख गुंडाळीवर लिहितो. सरदार बारूखला विचारतात, तू हे लिहिलंस तरी कसं? तो म्हणतो, ते सांगत गेले, मी शाईनं लिहीत गेलो. पुढे ती गुंडाळी यहोयाकीम राजासमोर वाचली जाते. थंडीचे दिवस, समोर शेगडी पेटलेली. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा तेवढा भाग लेखनिकाच्या चाकूनं कापून विस्तवात टाकतो, असं करत सगळी गुंडाळी जाळतो. मग यिर्मया पुन्हा सांगतो, बारूख पुन्हा लिहितो, आणि या वेळी तशाच आणखी पुष्कळ गोष्टी त्यात घातल्या जातात. देवाचं वचन म्हणून जे आज चर्चमध्ये वाचतो ते दुसऱ्या खेपेचं, वाढवलेलं हस्तलिखित आहे. मला यात अडचण दिसत नाही. देव माणसांच्या हातून काम करतो असं मानायचं, तर त्या हातांना शाई लागणारच.

चुकांचं काय, हा पुढचा प्रश्न येणारच. येशूला पकडून देणाऱ्या यहूदा या शिष्यानं गळफास घेतला असं मत्तयाचं शुभवर्तमान सांगतं. प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक सांगतं की तो पालथा पडला आणि त्याचं पोट फुटलं. इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलच्या अधिकारावर विशेष भर देणाऱ्या प्रोटेस्टंट मंडळींनी १९७८ साली शिकागोत जे निवेदन काढलं, त्यानुसार मूळ लेखनात कसलीच चूक नाही, म्हणून ते दोन्ही वृत्तांतांचा मेळ घालतात. व्हॅटिकन परिषदेचा तो मजकूर सांगतो की आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य हवं होतं ते शास्त्र निर्दोषपणे शिकवतं. मला ही दुसरी मांडणी जास्त प्रामाणिक वाटते, पण आमच्याच मंडळीतले निम्मे लोक यावरून माझ्याशी भांडतील. पुस्तकांच्या संख्येवरही एकमत नाही: प्रोटेस्टंटांची ६६, कॅथलिकांची ७३. नव्या कराराच्या, म्हणजे येशूपासून पुढच्या, २७ पुस्तकांबद्दल मात्र दोघांत वाद नाही. नेमकी तीच यादी अथनेशियस या बिशपच्या ३६७ सालच्या पत्रात सापडते.

वेदांशी आणखी एक फरक. तिथे उच्चारालाही महत्त्व. इथे ग्रंथ कुठल्याही भाषेत गेला तरी देवाचं वचनच राहतो. म्हणून तर पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणायला आयुष्याच्या शेवटापर्यंत झटल्या. १९२२ मध्ये त्या गेल्या, ते छापून आलं १९२४ मध्ये.

आणि ख्रिस्ती माणूस या पुस्तकाची पूजा करत नाही, निदान करू नये. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू शास्त्राभ्यासकांना सुनावतो की तुम्ही शास्त्रलेख धुंडाळता, ते माझ्याविषयी साक्ष देतात, तरी तुम्ही माझ्याकडे येत नाही. श्रद्धेच्या केंद्रस्थानी येशू आहे. ग्रंथाचा मान त्याच्यामुळे.

वाचायचं ठरवलंत तर पहिल्या पानापासून सुरू करू नका, लेवीय नावाच्या पुस्तकातल्या यज्ञविधींत बहुतेक जण अडकतात. आधी लूक पूर्ण वाचा, मग यिर्मया ३६, मग करिंथकरांचं पहिलं पत्र.