आमच्या नगर परिषदेने आधी अग्निशमन केंद्राची इमारत बांधावी की रस्ते-नाल्या?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या तालुक्याच्या गावात अग्निशमन केंद्र आणि पोलीस ठाणं अशा दोन नव्या इमारतींच्या निधीवरून सभेत दोन तट पडलेत. अर्धे नगरसेवक म्हणतात आधी नाल्या आणि रस्ते, आणि नागरिकांनी कोणाच्या बाजूने उभं राहावं ते तुम्हाला उमगत नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातला. एक मुदत नगरसेवक होतो, बांधकाम समितीवरही बसलो, म्हणून लिहितो.

पहिल्यांदा पोलीस ठाणं या वादातून बाजूला काढा. पोलीस हा राज्याचा विषय. ठाण्याच्या इमारतीचा पैसा गृह विभागाकडून येतो, काम सार्वजनिक बांधकाम विभाग नाहीतर पोलीस गृहनिर्माण महामंडळ करतं. नगर परिषदेकडे फार तर जागेचा प्रश्न येतो. दोन्ही इमारती एकाच विषयात घातल्या की आकडा डोळे पांढरे करणारा दिसतो आणि दोन्ही लटकतात.

आग विझवणं मात्र नगर परिषदेचं स्वतःचं काम आहे. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 49 मध्ये ते बंधनकारक कर्तव्यांत आहे, आणि 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीतही अग्निशमन सेवा आहेच. त्यामुळे ‘यंदा जमलं तर बघू’ हे उत्तर सभागृहात चालू देऊ नका. नाल्यांसाठी निधी मागायला चार दारं असतात. बंबासाठी ती फार थोडी आहेत.

आपल्या भागात याची गरज शहरापेक्षा जास्त आहे, हे माझं ठाम मत आहे. दिवाळीनंतर भाव वाढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवतात, बैठकीच्या खोलीत छतापर्यंत. शेजारच्या गोठ्यात कुटार, बाहेर तुरीची गंजी, मागे पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा ढीग. एक ठिणगी पुरते. कापसाची आग ज्याने पाहिली नाही त्याला वाटतं पाणी मारलं की संपलं. तसं नसतं. पाणी वरून निथळून जातं आणि आत विस्तव धुमसत राहतो. आकड्यांनी, फावड्यांनी कापूस ओढून बाहेर काढावा लागतो, पसरावा लागतो, मग भिजवावा लागतो. वास येत राहतो तोवर तिथून हलता येत नाही. जिनिंगमध्येही, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यातही, हेच. कापसात आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात घासला की ठिणगी उडते, आणि ती ढिगात कुठे जाऊन बसली हे लगेच दिसतही नाही. साडेचार हजार लिटरचा बंब जोरात मारला तर दहाएक मिनिटांत रिकामा होतो. मग पाणी कुठून भरायचं? हा प्रश्न तुमच्या इमारतीच्या नकाशात सुटलाय का ते बघा: आवारात मोठी टाकी, भरायला स्वतंत्र पंप, आणि उन्हाळ्यात ती टाकी नळाच्या पाणीपुरवठ्यावरच अवलंबून असेल तर दुसरी सोय काय.

आता माझा मुख्य मुद्दा. इमारतीसाठी पैसा बाहेरून मिळू शकतो. जिल्हा नियोजनातून मागता येतो, आणि केंद्राने 2023 मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी 2025-26 पर्यंतची 5000 कोटींची योजना काढली होती, तिच्यात आपल्यासारख्या राज्याने 25 टक्के घालायचे होते. पण फायरमनचा पगार, डिझेल, टायर, होज हे दर महिन्याला लागतं आणि त्याला कोणी उद्घाटनाला येत नाही. आमच्याकडच्या एका गावात छान शेड झाली, शटर बसलं, कोनशिला लागली. आत बंब उभा आणि माणूस एकच, कंत्राटी चालक. तो गाडी चालवणार, पंप लावणार की होज धरणार? रात्री फोन आला की शेजारपाजारची पोरं बंबावर चढून जात. त्या पोरांना ना प्रशिक्षण, ना विमा. हे मला आजही सहन होत नाही.

म्हणून इमारतीला विरोध करू नका, पण ठरावात माणसं लिहून घ्या. तीन पाळ्यांत किती फायरमन, आकृतीबंधात, म्हणजे परिषदेच्या मंजूर पदांच्या आराखड्यात, ही पदं आहेत का, नसतील तर प्रस्ताव कधी गेला. पुढच्या पाच वर्षांचा चालू खर्च अंदाजपत्रकाच्या कोणत्या लेखाशीर्षातून येणार.

दुसरं, खेड्यांचं. बंब नगर परिषदेचा असला तरी निम्म्या वेळा तो हद्दीबाहेर धावतो, कारण ग्रामपंचायतीकडे काहीच नसतं. हद्दीबाहेरच्या फेरीचं बिल कोणाच्या नावावर फाडायचं हे आधी ठरवा. ज्याचं घर, ढोरं, वर्षाचं पीक जळालं त्याच्या हातात डिझेलचं बिल देणं मला मान्य नाही. ते जिल्हा पातळीवर सोडवायला लावा.

तिसरं, आगीआधीचं काम. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमात अग्निशमन सेवा शुल्काची तरतूद आहे. तुमच्याकडे ते किती जमा झालं आणि कशावर गेलं ते माहितीच्या अधिकारात विचारा, अर्जाला दहा रुपये लागतात. याच कायद्यात इमारतीच्या मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं आहे. गावातल्या दवाखान्यांची, जिनिंगची, मंगल कार्यालयांची प्रमाणपत्रं कोण तपासतं? 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाच्या आगीत 10 बाळं गेली. विदर्भात राहून हा प्रश्न सभागृहात विचारायचा नसेल तर कधी विचारायचा? नव्या केंद्रात अग्निशमन अधिकाऱ्याचं पद भरलं, तरच ही तपासणी होईल.

हे सगळं एका पानाच्या निवेदनात लिहा, पाचपन्नास सह्या घ्या, मुख्याधिकारी आणि नगराध्यक्ष दोघांना द्या आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का घ्या. सभेची विषयपत्रिका निघण्याआधी द्या. तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला वेगळी प्रत द्या आणि विषय पुकारला की ती वाचून दाखवायला सांगा, म्हणजे इतिवृत्तात नोंद होईल.