‘अ‍ॅक्शन रिप्ले’ आज पाहण्यासारखा आहे का?

२०१० च्या दिवाळीत आलेला विपुल शाह यांचा हा चित्रपट आवर्जून पाहावा, असे मी म्हणणार नाही. सतत भांडणाऱ्या आईवडिलांचे लग्न निदान प्रेमातून तरी जुळावे म्हणून मुलगा कालयंत्राने १९७५ मध्ये जातो, ही कल्पना नामी आहे. मात्र भूतकाळात ढवळाढवळ केल्यास आपला जन्मच धोक्यात येईल, ही अशा कथेला धार देणारी धास्ती पडद्यावर फारशी जाणवतच नाही. सोलापुरात सणाच्या गर्दीत आम्ही तो पाहिला, तेव्हा प्रेक्षक हसले ते भडक कपड्यांना आणि अक्षय कुमारच्या पुढे आलेल्या दातांना, संवादांना नव्हे. ऐश्वर्याचा तोरा तेवढा (तोही मध्यंतरापर्यंतच) झकास जमला आहे. प्रीतम यांची गाणी वेगळी ऐकावीत.