कुत्र्याला घेऊन स्टुडिओत फॅमिली फोटो काढायचा आहे. काय तयारी करावी, कपडे कोणते घालावेत, कुत्रा शांत बसेल का?

कुत्रा बसेल हो. बसत नाहीत ती माणसं. आणि फोटो बिघडला की नाव मात्र कुत्र्याचं होतं. आमच्या घरी हा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. पोळ्याला सगळे घरी येतात, म्हणून तान्ह्या पोळ्याचा दिवस धरला. आजीनं आधीच सांगून टाकलं, शेरू नसेल तर मी येत नाही. शेरू वावरातला, काळाकुट्ट. भाऊजी म्हणाले, "फोटोत कुत्रं कायले पायजे?" आजी म्हणाली, "मंग रातची जागलीले तुम्ही जात जा." रानडुकरांच्या दिवसांत त्या जागलीला भाऊजी कधी फिरकलेले नाहीत, त्यामुळे विषय तिथंच संपला.

स्टुडिओवाल्यानं मागं काळा पडदा सोडला, चेहरे उठून दिसतात म्हणे. छत्रीचे लाइट लावले. शेरू आजीच्या लुगड्याच्या काठाशी नाक टेकवून बसला तो हललाच नाही. इकडे पोट्ट्यांचा धिंगाणा, ताईचं पावडर लावणं सुरूच, भाऊजींचा भांग काही केल्या सरळ पडेना. तेवढ्यात लाइन गेली. थांबायचं सोडून त्यानं कॅमेऱ्यावरच फ्लॅश चढवला आणि उरकून टाकलं. फोटो हातात आला तेव्हा आजीच्या पायाशी नुसता अंधार, आणि त्यात दोन हिरवेगार डोळे. ताईचा चेहरा पांढराफटक. भाऊजी आजही पाहुण्यांना तो फोटो दाखवून सांगतात, कुत्र्यानं बिघडवला.

कुत्र्यानं काय केलं त्यात? कुत्र्याच्या डोळ्याच्या आतल्या पडद्यामागं प्रकाश परतवणारा थर असतो, अंधारात दिसावं म्हणून. फ्लॅश भिंगाला लागून असला की तो उजेड सरळ कॅमेऱ्यात परत येतो. लाइट बाजूला, छत्रीत असते तर डोळे चमकले नसते. आणि काळ्या पडद्यापुढं काळं जनावर बसवल्यावर ते दिसणार कसं? पडदा फिका हवा, उजेड बाजूनं हवा, म्हणजे केसांवर चकाकी येते आणि अंगाचा आकार कळतो. पांढरा कुत्रा असेल तर गडद पडदा मागा. लाजू नका, पैसे तुम्ही देताय.

तयारीचं म्हणाल तर आंघोळ आदल्या दिवशी घाला. निघायच्या आधी कुत्र्याला चांगलं फिरवून आणा, पोट गच्च भरू नका, आणि स्टुडिओत गेल्यावर आधी त्याला सगळं हुंगू द्या. माणसं नीट बसवून झाली की शेवटी त्याला आणा. शिट्टी किंवा भाकरीचा तुकडा ऐन क्लिकच्या वेळीच. सारखं केलं तर तो ढुंकूनही पाहत नाही. त्या वेळी तुम्ही मात्र कॅमेऱ्याकडे पाहा, कुत्र्याकडे नाही. एकट्या कुत्र्याचा फोटो काढायचा असेल तर फोटोग्राफरला खाली बसायला लावा, उभ्यानं काढला की नुसतं डोकं मोठं दिसतं. कपडे कोणतेही घाला, फक्त बारीक चौकडी नको, फोटोत लाटा उमटतात. सगळ्यांनी एकाच रंगाचे टी-शर्ट घालायचं खूळ मला पटत नाही. चष्मेवाल्यांनी काड्या कानावरून किंचित वर उचलाव्या, चमक जाते.

हे सगळं माणसांत वावरलेल्या कुत्र्यासाठी. अनोळखी माणसावर धावून जाणारा असेल किंवा आजारी असेल तर नेऊच नका, फोटोग्राफरला घरी बोलवून अंगणात काढा. एप्रिल-मेमध्ये तर आपल्याकडं सकाळी लवकरच जा, नाहीतर प्रत्येक फोटोत जीभ लोंबलेली येईल. लाइन गेली तर येईपर्यंत बसून राहा. भाऊजींसारखे कोणी घाई करत असतील तर त्यांना चहाला पाठवा. मांजराचं मात्र मला विचारू नका.