न्यूफाउंडलँड म्हणजे मोठा लॅब नव्हे

न्यूफाउंडलँड जातीचा कुत्रा म्हणजे केसाळ, मोठा लॅबच (लॅब्रॅडॉरच) ना आणि पुण्यात फ्लॅटमध्ये राहील का, असं तुम्ही विचारलंय. नातं आहे, पण लॅबच न्यूफाउंडलँड बेटावरच्या कुत्र्यांचा वंशज आहे.

कॅनडाच्या पूर्वेचं न्यूफाउंडलँड बेट कॉड माशावर जगलं. तिथल्या कोळ्यांकडे आटोपशीर, आखूड केसांची कुत्रीही होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती मासळीच्या जहाजांतून इंग्लंडच्या पूल बंदरात उतरली. तिथल्या उमरावांनी त्यांना शिकारीत पडलेले पक्षी आणायला लावलं, त्यांच्यापासून पुढे लॅब्रॅडॉर घडला. 1903 मध्ये कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटिश केनेल क्लबने त्याला मान्यता दिली.

धिप्पाड न्यूफाउंडलँड मात्र अंगमेहनतीचा गडी. जाळी किनाऱ्याला ओढायची, होडीतला दोर तोंडात धरून पोहत जायचं, हिवाळ्यात लाकडाच्या घसरगाड्या ओढायच्या. नर सहज 65-70 किलो भरतो. बोटांमध्ये पडदा, वरचा कोट, म्हणजे केसांचा थर, तेलकट, आत दाट मऊ लव. माझ्या लॅबला आंघोळ घालताना हे रोज दिसतं: वरून दोन तांबे पाणी ओतलं तरी बोटांनी केस बाजूला केले की आतली लव कोरडीच. न्यूफाउंडलँडमध्ये हेच कितीतरी जास्त, कारण त्याला बर्फाळ समुद्रात उतरायचं असतं. बुडणाऱ्या माणसाला खेचून आणण्याएवढी ताकद असल्यामुळेच इटलीच्या किनाऱ्यांवर तो आजही जीवरक्षक म्हणून काम करतो, हेलिकॉप्टरमधून पाण्यात उडी घेतो.

गँडरची गोष्ट तर मला सांगायचीच आहे. हा कॅनडाच्या रॉयल रायफल्स तुकडीबरोबर हाँगकाँगला गेलेला न्यूफाउंडलँड. डिसेंबर 1941 मध्ये जखमी सैनिकांजवळ पडलेला जपानी हातबॉम्ब त्याने तोंडात धरून लांब नेला आणि त्यातच तो गेला. 2000 साली त्याला मरणोत्तर डिकिन पदक, म्हणजे प्राण्यांच्या शौर्याचं ब्रिटिश पदक, मिळालं. हे लिहितानाही गलबलून येतं.

आता तुमचा फ्लॅट. मी एका घरी हा कुत्रा मे महिन्यात पाहिलाय. दिवसभर न्हाणीघराच्या फरशीला पोट टेकून, जीभ बाहेर काढून पडलेला. एसी लावला तरी फिरायला बाहेर न्यावंच लागतं, आणि तो कोट भादरून प्रश्न सुटत नाही. घरची माणसं प्रेमळ होती, तरी त्याचे हाल बघवत नव्हते. कृपा करून आणू नका. पाण्याची आवड असलेला कुत्राच हवा असेल तर लॅब घ्या, आणि त्याला सकाळी सहाच्या आत फिरवून आणा.