एसी दुरुस्तीची फ्रँचायझी द्यायची असेल तर फी ठरवण्याआधीचं काम

तुमच्याकडे आठ टेक्निशियन आहेत, एसी बसवणं आणि दुरुस्त करणं हे काम आहे, नाव झालंय आणि दोघंतिघं फ्रँचायझी मागताहेत. फी किती घ्यावी आणि करारात काय लिहावं, हा तुमचा प्रश्न. त्याआधी एक हिशेब कागदावर मांडा, तो जुळला नाही तर करार कितीही पक्का असला तरी उपयोग नाही.

१०० ची विक्री धरा. कारागिरांचे पगार ३५, सुटे भाग आणि गॅस २०, गाड्या व इंधन ८, जाहिरात ८, ऑफिस, फोन, विमा, हत्यारांची झीज मिळून ९. खर्च ८०, उरले २०. हे २० सगळे नफ्याचे वाटतात, कारण कॉल वाटणं, चिडलेल्या ग्राहकाला समजावणं, अवघड काम स्वतः जाऊन बघणं हे तुम्ही करता आणि त्याचा पगार कुठेच लिहिलेला नसतो. त्या जागी पगारी माणूस धरला की १० गेले. रॉयल्टी, म्हणजे नाव वापरण्याबद्दल तुम्हाला द्यायचा हिस्सा, ७ आणि सामायिक जाहिरात निधी २ वजा केला की फ्रँचायझी घेणाऱ्याच्या हातात उरतो १, आणि कर्जाचा हप्ता त्यातूनच जायचा. आकडे तुमचे घाला, पद्धत हीच ठेवा. उत्तर असं येत असेल तर आधी दर वाढवा, फुकटच्या फेऱ्या कमी करा. फ्रँचायझी विकायची घाई नको.

रॉयल्टी विक्रीवरच लावा. नफ्यावर लावली की दर महिन्याला खर्चावरून वाद होतो. मात्र या धंद्यात एक अडचण आहे. कंप्रेसर बदलला की बिल मोठं होतं, पण त्यातला बराचसा पैसा भागाचा असतो. भागावर १५ टक्के सुटत असतील आणि त्यातले ७ तुम्ही घेतलेत, तर समोरचा ते बिल तुमच्या सिस्टिमबाहेरच करणार. म्हणून मजुरीवर पूर्ण दर आणि मोठ्या भागांवर कमी दर ठेवा. किमान रॉयल्टी ठेवायची असेल तर ती वर्षाची ठेवा, महिन्याची नको. थंडीत कॉल आटतात तेव्हा महिन्याची किमान रक्कम माणसाला बुडवते.

विक्री लपवली जाते, हे गृहीत धरूनच रचना करा. सगळे कॉल एका मध्यवर्ती नंबरवर घ्या, प्रत्येक कामाला जॉब नंबर द्या आणि 'जॉब नंबर असेल तरच वॉरंटी' हे ग्राहकाला बुकिंगच्या वेळीच कळवा. मग पावती ग्राहकच मागून घेतो, तुम्हाला पहारा ठेवावा लागत नाही.

आता कार्यपुस्तिका, म्हणजे प्रत्येक काम कसं करायचं ते लिहिलेलं पुस्तक. खरी मेहनत इथे आहे आणि टाळाटाळही इथेच होते. 'गळती काढून गॅस भरावा' या वाक्याने कुणाला काम शिकवता येत नाही. गळतीच्या कामाचं पान निदान एवढं तरी हवं: गॅस वापरून संपत नाही, कमी आहे म्हणजे गळती आहे, त्यामुळे ती शोधल्याशिवाय भरायचा नाही. उरलेला गॅस हवेत न सोडता रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये घ्यायचा. दाब चाचणी कोरड्या नायट्रोजननेच करायची, ऑक्सिजनने कधीही नाही, कारण कंप्रेसरच्या तेलाशी त्याचा स्फोट होतो. दाब उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत ठेवायचा. सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. फ्लेअर (पाइपचं जोडासाठी पसरवलेलं तोंड) खराब असेल तर कापून नवा करायचा आणि नट टॉर्क पान्याने आवळायचा. मग पंपाने आतली हवा आणि ओल खेचून व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या (आत उरलेल्या दाबाचं माप) खाली न्यायचा, पंप बंद करून दहा मिनिटं थांबायचं. आकडा थोडा चढून स्थिरावला तर आत ओल आहे, पुन्हा पंप लावायचा. चढतच राहिला तर गळती बाकी आहे. शेवटी वजनकाट्यावर, मशीनच्या पट्टीवर लिहिलंय तेवढाच गॅस. आर-४१०ए हा एसीतला गॅस मिश्रण असल्याने तो सिलिंडरमधून द्रवरूपातच काढायचा.

मायक्रॉन गेज आणि वजनकाटा, दोन्हींचे फोटो जॉबशीटला जोडल्याशिवाय काम बंद होऊ देऊ नका. व्हॅक्यूम न करता नुसत्या गॅसने हवा ढकलली तरी त्या दिवशी मशीन थंडच करतं. आत राहिलेली ओल तेलाशी मिळून आम्ल तयार करते आणि काही महिन्यांनी कंप्रेसर जातो. तेव्हा ग्राहकाला कारागिराचं नाव आठवत नाही, तुमच्या ब्रँडचं आठवतं. अशी पानं तुमच्या नेहमीच्या प्रत्येक कामाची लागतील.

पुन्हा आलेला कॉल कुणाचा, हे करारात स्पष्ट लिहा. ३० दिवसांत तीच तक्रार आली तर ज्याने काम केलं तो फुकट जाईल. ४८ तासांत गेला नाही तर शेजारचा फ्रँचायझीवाला जाईल आणि ठरलेल्या दराने त्याचे पैसे पहिल्याने तुमच्याकडे ठेवलेल्या अनामतीतून वळते होतील. तो धंदा सोडून गेला तरी त्याने दिलेल्या वॉरंटी उभ्या राहतात, म्हणून त्याच्या शेवटच्या वॉरंटीची मुदत संपेपर्यंत अनामत परत करू नका.

प्रत्येक फ्रँचायझीची हद्द नकाशावर वर्तुळ काढून ठरवू नका. घरं आणि कार्यालयं किती, आणि गर्दीच्या वेळी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला किती वेळ लागतो, हे बघा. गाडीत गेलेला तास कुणी भरून देत नाही. अनेक हद्दींत शाखा असलेल्या मोठ्या ग्राहकाचा दर कोण ठरवणार, तो दर परवडत नसेल तर हद्दवाला नकार देऊ शकतो का, हेही आधीच लिहा.

ट्रेडमार्कची नोंदणी फ्रँचायझी देण्याआधी व्हायला हवी. नीस वर्गीकरणात, म्हणजे ट्रेडमार्कसाठी वस्तू आणि सेवांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, बसवणं आणि दुरुस्ती ३७ व्या वर्गात येतात. ११ वा वर्ग एसी या वस्तूचा आहे, तिथे नोंदवून तुमची सेवा सुरक्षित होत नाही. नोंदणी त्या त्या देशापुरतीच चालते. काही देशांत करारापूर्वी माहितीपत्रक देणं सक्तीचं आहे. अमेरिकेत त्यात २३ बाबी असतात आणि सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी ते द्यावं लागतं. तुमच्या ठिकाणचा नियम वकिलाकडून तपासून घ्या.

दोघंतिघं मागताहेत म्हणून लगेच तिघांना देऊ नका. आधी तुमच्या पैशाने, पण तुम्ही रोज जाऊ शकणार नाही इतक्या लांब, दुसरी शाखा पगारी माणसाच्या हाती द्या. तिच्या खर्चात रॉयल्टीही धरा. पूर्ण वर्ष चालवा, म्हणजे मंदीचे महिनेही त्यात येतील. तिथून जे फोन तुम्हाला येतील ती पुस्तिकेतली राहिलेली पानं समजा. पहिली फ्रँचायझी हंगामाच्या दोनतीन महिने आधी सुरू होईल असं बघा, ऐन उन्हाळ्यात शिकवायला कुणालाच सवड नसते.

माणूस निवडताना उत्तम कारागीर हाच उत्तम फ्रँचायझी घेणारा, असं धरू नका. तो स्वतःच गाडी घेऊन कामं करत राहतो आणि दुसरी टीम उभी राहत नाही. नुसता पैसेवालाही नको, त्याला कारागीर सहज फसवतात. भरती, दर आणि वसुली ज्याला जमते तो बघा. जिथे परवाना व्यक्तीच्या नावावर असतो तिथे निदान दोन परवानाधारक हवेत, नाहीतर एकाने नोकरी सोडली की काम बंद.

फोन नंबर, ऑनलाइन नकाशावरची नोंद आणि ग्राहकांची यादी पहिल्या दिवसापासून तुमच्या नावावर ठेवा. करार संपल्यावर त्याने तोच धंदा करू नये हे कलम किती टिकेल हे ठिकाणागणिक बदलतं, पण नंबर तुमच्याकडे असेल तर कॉल तुमच्याकडेच येतात.