उघड्या डंपरमधली खडी

प्रश्न : शिरोली नाक्याजवळ पुढच्या डंपरमधून उडालेल्या खड्याने माझ्या हेल्मेटच्या काचेला तडा गेला. महापालिकेला ताडपत्री सक्तीची करता येईल का?

उत्तर : आपण थोडक्यात बचावलात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९४ नुसार माल हौद्याच्या बाजूंबाहेर किंवा ठरलेल्या उंचीवर गेल्यास २०,००० रुपये दंड आहे आणि जादा माल उतरवल्याशिवाय वाहन पुढे नेता येत नाही. मात्र हौद्याच्या काठाखालची सुटी वाळूही वाऱ्याने उडतेच, म्हणून महापालिकेने बांधकाम परवानगीतच ताडपत्री चारही बाजूंनी दोरीने आवळण्याची आणि चाके धुऊनच गाडी बाहेर काढण्याची अट घालावी, असे मला आग्रहाने वाटते. गळीत हंगामातील उसाच्या ट्रॉल्यांना ताडपत्रीपेक्षा घट्ट बांधणीच हवी.